पत्ता : देवपूर, धुळे

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याच्या स्थानकावर उतरतो, तेव्हा त्याच्याजवळ एक कापडी पिशवी, सुटकेचा कागद आणि तुरुंगात केलेल्या कामाची साठलेली मजुरी एवढेच असते. गावी जावे तर शेताच्या वाटण्या कधीच होऊन गेलेल्या आणि भावकी दारात उभे करत नाही. मग पहिली रात्र फलाटावर जाते. कालचा कैदी आज बेघर होतो तो असा.

बेघरांसाठी निवारे आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा आणि त्यात माणशी ५० चौरस फूट जागा असे प्रमाण घालून दिले होते. २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांवर असलेल्या धुळे शहराला या हिशेबाने तीन तरी निवारे लागतात. पण तिथली चूल आपली नसते आणि दाराची किल्लीही आपल्याकडे नसते.

म्हणून सुटून आलेल्यांना घर लावून देणारे कार्यकर्ते आधी घरमालकाकडे जातात. शिक्षा झाल्याचे लपवायचे नाही, हा त्यांचा दंडक आहे; कारण आठ दिवसांनी तेच शेजाऱ्याकडून कळले, तर सामान रस्त्यावर येते आणि पुढच्या माणसासाठी ती अख्खी गल्ली बंद होते. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे धुळेकर अभिमानाने सांगतात. तुरुंगातून आलेल्याला खोली द्यायची म्हटली, की त्यातल्याच अनेकांची खोली नेमकी कालच गेलेली असते.

होकार मिळाला, तरी लेखी करार करून तो नोंदवून घ्यावा लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. त्या नोंदणीकृत करारावर आधार कार्डावरचा पत्ता बदलतो आणि मग रेशन कार्डाचा अर्ज पुढे सरकतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर मात्र पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, त्यामुळे नव्या घरात बहुधा तोच सर्वांत आधी येतो.

देवपुरातल्या या पत्र्याच्या खोलीत सिलिंडरपाठोपाठ तवा, परात, दोन पातेली आणि एक गोधडी आली आहे. खोलीचा नवा भाडेकरू तुरुंगाच्या भटारखान्यात कामाला होता. शेकडो माणसांच्या डाळीला मीठ किती लागते ते त्याला तोंडपाठ आहे. एकट्यापुरते पीठ किती घ्यावे, इथे मात्र त्याचा हात अडतो. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा तो दोनदा उघडतो, थोडे पीठ परत टाकतो, पुन्हा काढतो. शेवटी सहा भाकरी होतात. दोन तो खाऊन घेतो आणि उरलेल्या चार फडक्यात गुंडाळून घरमालकीणबाईंच्या दाराशी जातो.