सिनेमातली ट्रेन खरंच धावत असते का? खिडकी बघा, लगेच कळेल!

नमस्कार मंडळी! घाटातल्या प्रवासाच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न विचारून भंडावून सोडलंय: "ताई, सिनेमातली ट्रेन खरंच धावत असते का?" तर आज तेच.

साध्या गोष्टी पटकन उरकते. शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, पैसे भरावे लागतात, बोगी-इंजिन भाड्याने मिळतं. आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चं शेवटचं स्टेशन पंजाबात नाही, आपल्या रायगडात आहे. पनवेलच्या पुढचं आपटा. झालं, पुढे चला.

आता मुद्द्याचं. डबा धावतोय की उभा आहे, हे खिडकी सांगते. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात, गाडी हळूहळू घाट चढायला लागते, तेव्हा नीट बघा. रुळालगतचा खांब सपकन मागे जातो. त्यापलीकडची झाडं जरा निवांत सरकतात. आणि लांबचा डोंगर? तो तर कितीतरी वेळ आपल्याबरोबरच चाललेला असतो. जवळचं जोरात, लांबचं हळू. ट्रेनच्या खिडकीशी आपण तासन्‌तास बसून राहतो ते याच्यासाठीच, असं मला मनापासून वाटतं. समोर काही घडत नसतं, पण सगळं वेगवेगळ्या चालीने हलत असतं.

हेच आता स्टुडिओत बघू. डबा जागेवर उभा. बाहेरून माणसं तो हलवतात आणि खिडकीमागे पडद्यावर आधीच चित्रित केलेला देखावा सोडतात. यात दोन ठिकाणी चोरी पकडली जाते. एक म्हणजे जवळचा थर गायब असतो. नुसती लांबची शेतं सरकतात, खांब एकही नाही. दुसरं, कॅमेरा जरा बाजूला सरकला तरी खिडकीतलं दृश्य तेच राहतं. खऱ्या डब्यात तुम्ही डोकं जरा बाजूला नेलंत तरी बाहेरचं वेगळं दिसतं ना? पडद्याला ते जमत नाही.

कोणीतरी 'आराधना'बद्दल विचारलंय. हो, 'मेरे सपनों की रानी'मध्ये दार्जिलिंगची छोटी गाडी खरी, जीपही खरी. पण शर्मिला टागोर तेव्हा सत्यजित राय यांच्या सिनेमात गुंतल्या होत्या, तारखा जुळेनात. म्हणून त्यांचे शॉट वेगळे, स्टुडिओत घेतले. तरी आपण फसतो, कारण जीपमधून राजेश खन्ना वर बघतो, खिडकीत ती दिसते आणि मधलं अंतर आपणच मनाने जोडतो. हे संकलनाचं कसब आहे आणि मला ते फार आवडतं.

तिसरी खूण माझी सगळ्यात लाडकी, आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. ऊन! कोकण रेल्वेने चिपळूणला आत्याकडे जात होते. समोरच्या बाकावर एक आजी मांडीवर ताट घेऊन करवंदं निवडत होत्या. खिडकीच्या गजांची सावली त्यांच्या हातावर एका जागी थांबलेली, आणि झाडांच्या सावल्या त्याच हातांवरून, तोंडावरून पळत होत्या. मध्येच बोगदा आला की सगळं गडप. बाहेर आलो की पुन्हा पळापळ. म्हणजे इथेही तेच. डब्याचं जे आहे ते स्थिर, बाहेरचं जे आहे ते पळतंय. आताचे सिनेमे आणि मालिका खिडकीत संगणकाने उत्तम डोंगर बसवतात, पण पात्राच्या चेहऱ्यावर सलग एकसारखा उजेड! मग कितीही खर्च करा, डबा उभाच वाटतो. अहो, दिव्यापुढून नुसती एक फांदी फिरवा ना!

"ट्रेनच्या सिनेमांची सुरुवात कुठून?" असंही विचारलंय. 7 जुलै 1896, मुंबईचं वॉटसन हॉटेल. सिनेमाचे आद्य प्रवर्तक, फ्रान्सचे ल्युमिए बंधू, यांचे छोटे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले, त्यातच फलाटावर येणारी गाडी होती. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 पासून धावत होती, त्यामुळे मुंबईकरांना ट्रेन नवी नव्हती. तिला पडद्यावर येताना बघणं नवं होतं. तो चित्रपट बघा: लांब असते तेव्हा गाडी जेमतेम हलते, आणि जवळ आली की क्षणात पडदा भरून टाकते.

आता 'छैंया छैंया'. 1998चा 'दिल से', निलगिरीची गाडी. हे खरोखर धावत्या गाडीच्या टपावर चित्रित झालंय. मेट्टुपालयम ते उटी 46 किलोमीटर चढायला तिला पाचेक तास लागतात, एवढी ती सावकाश जाते. वर विजेची तारही नाही. आणि या गाण्याखाली ज्यांनी लिहिलंय ना, "आम्ही पण टपावर रील करणार", त्यांना हात जोडून सांगते, नका रे करू! आपल्याकडच्या मार्गांवर वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तार हाताला लागायचीही गरज नाही, जवळ गेलात तरी वीज अंगावर झेपावते. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम 156 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दारात लोंबकळून केलेल्या रीलची लिंक मला पाठवू नका, मी ती बघणार नाही.

खिडकीतूनच शूट करा, उत्तम होतं. एसी डब्याची काच टाळा, ती गडद असते आणि आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं. स्लीपर किंवा सेकंड सीटिंग घ्या. मोबाईल गजांच्या आतच ठेवा, चौकटीची एक कड फ्रेममध्ये येऊ द्या, आणि रुळालगत खांब-झाडं असतील तिथेच रेकॉर्डिंग सुरू करा. सकाळचं नाहीतर चारनंतरचं तिरपं ऊन मिळालं तर कॅमेरा बाहेर नको, समोर बसलेल्या तुमच्या माणसाकडे वळवा. आधी विचारून, अर्थात.