उंच बॉडी, आडवा वारा

[दृश्य : वाडीतलं गोदाम. भर दुपार. बंद बॉडीच्या टेम्पोत कूलर चढवले जात आहेत.]

मे महिना. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून लागायचाय, तरी पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेलाय. अमरावती रोडला वाडीच्या गोदामांसमोर टेम्पो उलटे लागलेत. नागपुरात हा कूलरचा हंगाम, आणि वादळांचाही हाच.

ही बॉडी 14 फूट लांब, 7 फूट उंच. आधी कूलर चढले, उरलेल्या फटींत वाळ्याच्या ताट्यांचे गठ्ठे कोंबले. दार लावायला दोघांनी खांदा दिला. आता खाली वाकून गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या बघा. जेमतेम दबलेत. मालानं जागा भरली, वजन भरलंच नाही. चालक खूश आहे, डिझेल कमी जाईल. हिंगणघाटला माल उतरवून संध्याकाळी परत यायचंय, तेही रिकाम्या गाडीनं. म्हणजे येताना गाडी जातानापेक्षाही हलकी.

[दृश्य : बाह्य वळण रस्ता. टेम्पो बाजूनं, पूर्ण चौकटीत.]

गाडीचा बाजूचा पत्रा आहे 98 चौरस फुटांचा. ताशी 50 किलोमीटरचा वारा त्यावर थेट आडवा बसला, तर साधारण सव्वाशे किलोचा रेटा येतो. वारा 100 चा झाला की हाच रेटा चौपट, म्हणजे पाचशे किलोच्या आसपास. वाऱ्याचा हिशेब असा वर्गानं वाढतो, आणि स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाचा अंदाज नेमका इथं चुकतो. मघाशी सांभाळली तशी आताही सांभाळू, असं त्याला वाटत असतं.

त्यात हा रेटा लागतो वर, बॉडीच्या मधोमध. चाकं धरून असतात खाली. वाऱ्याकडची चाकं हलकी पडतात, पलीकडच्यांवर भार जातो. लोखंडी सळया भरलेला ट्रक अशा वेळी नुसता हलतो. ताट्या भरलेला टेम्पो जागा सोडतो. गाडी पलटी होणं हे टोकाचं झालं. रोजचा धोका त्याहून साधा आहे : गाडी दोन-तीन फूट सरकते, आणि त्या दोन-तीन फुटांत एखादा दुचाकीवाला असतो.

[दृश्य : वर्धा रोड, बुटीबोरीच्या अलीकडे. पश्चिमेला आभाळ.]

आता नागपूरच्या वाऱ्याबद्दल. कोकणात पावसाळी वारा दिवस-दिवस वाहतो. आपल्याकडं उन्हाळ्यातलं वादळ तसं नसतं. दुपारी तीन-साडेतीनपर्यंत नुसती काहिली. मग वारा पडतो, कडुलिंबाचं पानही हलत नाही, आणि पश्चिमेकडून काळं आभाळ चढायला लागतं.

या ढगांचा तळ उंच असतो. खालची हवा तापलेली, कोरडी ठाक. वरून सुटलेल्या सरींचं बरंचसं पाणी जमिनीवर पोचण्याआधीच वाटेत वाफ होऊन जातं. वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. हवा गार होते, जड होते आणि धाडकन खाली येते. जमिनीवर आदळली की जायला दुसरी वाट नाही, म्हणून चहूकडे सुसाट पसरते. हा गार झोत ढगाच्या पुढं पळतो, कधीकधी काही किलोमीटर. म्हणून आपल्याकडं आधी धूळ, मग वारा आणि पाऊस सगळ्यांत शेवटी. थेंब पडले की बघू, असं म्हणणारा चालक तोवर वाऱ्यात सापडलेला असतो.

शेतापलीकडं मातकट भिंत उठलेली दिसली, आणि उघड्या काचेतून आलेला वारा एकदम गार लागला, की हातात काही मिनिटंच उरतात.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा मोबाइलवर येतो : विजांच्या कडकडाटासह वादळ, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगानं वारे. इशारा असतो अख्ख्या जिल्ह्याला. पिवळा रंग दिसला म्हणून गाडी काढायचीच नाही, असं ठरवलं तर मे महिन्यात धंदा बंदच ठेवावा लागेल. इशाऱ्यावरून एवढंच ठरवायचं की आज दुपारनंतर आभाळावर लक्ष ठेवायचं.

[दृश्य : बुटीबोरीच्या पुढं. चालकाच्या बाजूनं, स्टेअरिंगवरचे हात.]

बुटीबोरीला वर्ध्याचा रस्ता फुटतो आणि आपण राष्ट्रीय महामार्ग 44 वरून दक्षिणेला निघतो. पश्चिमेचा वारा आता उजव्या अंगावर.

गाडी डावीकडं ओढली जातेय. चालकानं स्टेअरिंग उजवीकडं थोडं दाबून धरलंय. इतक्यात उजव्या हातानं मोठा कंटेनर ओव्हरटेक करत येतो. तो शेजारी आला की त्याच्या आडोशानं वारा एकदम तुटतो. पण हात अजून उजवीकडंच दाबलेले, म्हणून टेम्पो कंटेनरकडं झुकतो. चालक दचकून स्टेअरिंग डावीकडं घेतो. तेवढ्यात कंटेनर पुढं निघून जातो आणि वारा पुन्हा थाडकन बसतो, तोही डावीकडंच ढकलणारा. दोन्ही धक्के एकाच दिशेला जमतात आणि चाक साइडपट्टीवर उतरतं. वाऱ्यापेक्षा ही उघडझाप जास्त घातक.

उड्डाणपुलाचा कठडा संपतो तिथं, दोन्हीकडची झाडं संपून नदीचा पूल लागतो तिथं हीच गत. समृद्धी महामार्गावर तर बराच रस्ता भरावावरून, उघड्या रानातून जातो, आडोसा असा नाहीच.

मग करायचं काय? आधी वेग उतरवायचा. 80 नं पळणाऱ्या गाडीला 50 चा आडवा वारा मिळून सुमारे 94 चा तिरका झोत लागतो. वेग 40 वर आणला की झोत 64 वर येतो. ब्रेकवर उभं राहायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडत यायचं. दोन्ही हात स्टेअरिंगवर, पकड घट्ट पण हात मोकळे. टपावर ताडपत्री असेल आणि तिचा एक कोपरा सुटून फडफडत असेल, तर तो बांधल्याशिवाय पुढं जायचं नाही. एवढं सगळं केलं तरी खरा उपाय एकच, थांबणं. हा झोत बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. ज्या वाऱ्याला अर्धाच तास टिकायचंय, त्याच्याशी झुंजायची हौस कशाला?

हौस चालकाला नसतेच. त्याचा फोन वाजतो.

“कुठं पोहोचला बे?”

“बुटीबोरी सोडली शेठ. आभाळ लय आलं ना, थांबतो जराशीक.”

“काहून थांबून रायला? दुकानवाला वाट पाहून रायला तिकडं.”

गाडी कलंडली तर कूलर चेपतात, दिवसभराचं भाडं जातं आणि क्रेनचे पैसे वेगळे. हा हिशेब मालकाला पाठ असतो. तरी त्याचा असा फोन येतो, आणि चालक पाय दाबतो. चालकांना वाहतूक नियमांचे धडे द्यायला माणसं पुष्कळ आहेत, ते एकदा मालकांनाही द्यायला हवेत.

[दृश्य : ढाब्याचं आवार. धूळ. टेम्पो वळतोय.]

थांबायचं कुठं, हेही बघावं लागतं. झाडाखाली नाही, विजेच्या तारांखाली नाही. होर्डिंगच्या आसपास तर नाहीच. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला अशाच धुळीच्या वादळात पेट्रोलपंपावर होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली. पंप दिसला की गाडी आत घालायची सवय आपल्याकडंही आहे. आधी मान वर करून बघावं. महामार्गाच्या कडेला चालत्या वाहतुकीला खेटूनही उभं राहू नये, धुळीत मागच्याला काही दिसत नाही.

ढाब्याचं मोकळं आवार उत्तम. तिथं टेम्पोचं नाक वाऱ्याकडं करायचं, म्हणजे मोठा पत्रा वाऱ्यापुढून हटतो. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, काचा वर. चालक आणि क्लीनर, दोघांनीही आत बसायचं, विजा चमकत असताना खाली उतरून चहा प्यायचा मोह नको.

[दृश्य : हिंगणघाट. दुकानासमोर टेम्पो उलटा लागतोय.]

वादळ गेलं तरी मागं वारा रेंगाळत राहतो. बॉडीचं मागचं दार सात फूट उंच. कडी काढली आणि झुळूक आत शिरली, तर ते हातातून निसटतं आणि शेजारी उभ्या हमालाच्या तोंडावर बसतं. एकानं दार धरायचं, दुसऱ्यानं कडी काढायची, आणि दार पूर्ण उघडून बॉडीच्या बाजूला हुक लावून अडकवायचं. मग पहिला कूलर खाली.