यायचं तर मार्चमध्येच या

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा! एका सत्रापुरत्या आलेल्या पाहुणीच्या हाती कार्यकारिणीने माइक दिलाय, आणि मी प्राध्यापक आहे. तेव्हा जेवणाला उशीर झाला तर बोल त्यांना लावा.

जर्मनीतल्या या हायडेलबर्गला मराठी अभ्यासक येणं काही नवं नाही. भांडारकर संस्थेच्या रा. ना. दांडेकरांनी १९३०च्या दशकात पीएचडी केली ती इथेच. इथल्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोन्थायमर उलट दिशेने गेले, खंडोबाच्या आणि धनगरांच्या मागे महाराष्ट्रभर फिरले. आपण मात्र येतो आणि आधी आन्मेल्डुंगच्या, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीच्या, मागे फिरतो!

विद्यापीठाची व्याख्यानं सुरू होतात एप्रिलच्या मध्यावर, म्हणून बरेच जण तेव्हाच येतात. माझं म्हणणं, मार्चच्या सुरुवातीलाच या. सहा महिन्यांसाठी आलात काय नि सहा वर्षांसाठी आलात काय, कागद तेवढेच लागतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला. मार्चमध्ये सुट्टी असते. विद्यार्थी गावी नाहीतर इंटर्नशिपला गेलेले असतात आणि आपली खोली तेवढ्यापुरती भाड्याने देतात. ती बघायला गेलात की भाड्याच्याही आधी दाखल्याचं विचारा. कुणी कां-कूं केली, तर खोली कितीही गोड असो, तिथूनच नमस्कार करा. एप्रिलमध्ये तो विद्यार्थी परत येतो हे खरं, पण तोवर तुम्ही गावात असता. पुढचं घर प्रत्यक्ष पाहून, मालकाशी बोलून ठरवता येतं.

दुसरी गोष्ट टपालपेटीची. इथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतोच, पोस्टमन आडनाव बघतो. पेटीवर ते नसेल तर पत्र परत. करक्रमांक टपालानेच येतो, आणि तो वेळेत नोकरीच्या कार्यालयात पोचला नाही तर पगारातून कर भरमसाट कापतात. म्हणून बॅग उघडण्याआधी चिकटपट्टीने आडनाव लावा. सहस्रबुद्धे असाल तर अक्षरं बारीक काढा.

बाहेर चार अंश असताना घरमालकीणबाई खिडकी उघडायला सांगतात, तो छळ नव्हे. पाच मिनिटं सताड उघडायची, मग घट्ट बंद. दिवसभर फट ठेवून हीटर चालवायचा नाही. आपला कुकर, आंघोळीची वाफ, सगळं भिंतीत मुरतं आणि बुरशी धरते. निघताना डिपॉझिट मागितलंत की आधी ती भिंत दाखवतात.

मार्चचं आणखी एक सुख. फिलॉसॉफेनवेग ही इथली डोंगरावरची फिरायची वाट; तिच्या उतारावर दिवसभर ऊन असतं, तिथे बदाम लवकर फुलतो. रानात बेअरलाउखच्या, म्हणजे रानलसणीच्या, पानांचा लसणासारखा वास सुटतो. थालीपिठात ती पानं फक्कड लागतात, पण जुडी बाजारातूनच आणा. तशाच दिसणाऱ्या विषारी पानांची झाडंही याच सुमारास उगवतात.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं. संध्याकाळी सातला फोन केला तर पुण्यात साडेअकरा वाजलेले असायचे, आता साडेदहाच. आईची बोलणी एका तासाने कमी होतात!

तर ज्यांना एप्रिलमध्ये खोली सोडायचीय, त्यांनी मला जेवणाच्या रांगेत गाठा. माझ्याकडे दोन पत्ते आहेत, आणि दोन्हीकडे दाखला मिळतो.