केळातले पांढरे धागे

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे सिंथेटिक बायॉलॉजी. जिवाणूच्या किंवा यीस्टच्या पेशीत प्रयोगशाळेत जुळवलेला डीएनए, म्हणजे पेशीनं काय करायचं त्याच्या सूचना साठवणारा रेणू, घालायचा आणि हवा तो पदार्थ तिच्याकडून करून घ्यायचा, असं हे शास्त्र. घरात कुणाला मधुमेह असेल तर फ्रिजच्या दारात इन्सुलिन असेलच. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनचं जनुक, म्हणजे ते बनवायची सूचना असलेला डीएनएचा तुकडा, प्रयोगशाळेत जुळवून जिवाणूत घातलं आणि १९८२ साली त्या इन्सुलिनला बाजारात आणायची परवानगी मिळाली. म्हणजे हे शास्त्र आपल्या घरात कधीच आलंय, ओळख तेवढी व्हायची आहे.

ती ओळख कशी होते, ते मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत पाहिलं. पालकांचा मेळावा होता. सातवीच्या मुलांनी पिकलेलं केळ वाटीत कुस्करलं, त्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायचा लिक्विड साबण घातला आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घेतलं. साबणानं पेशीचं स्निग्ध आवरण फुटतं, डीएनए बाहेर येतो. मग त्या पाण्यावर बर्फात गार केलेलं स्पिरिट ग्लासच्या कडेनं हळूच सोडलं. स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही. बघता बघता पांढरे, शेंबडासारखे धागे वर आले आणि एका मुलीनं ते बांबूच्या काडीवर गुंडाळले.

नातवाबरोबर आलेल्या एक आजी पुढे सरकल्या. काडी हातात घेऊन म्हणाल्या, "हाई काय शे, भाऊ?" नातवानं सांगितलं, केळाचा डीएनए. आजींनी विचारलं, बीटी कपाशीत घातलं ते हेच का? मी म्हटलं, हो आजी, मातीतल्या एका जिवाणूचं जनुक, बोंडअळी मरावी म्हणून घातलेलं. २००२ साली आपल्या देशात त्याला परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईना, हे मी सांगायला लागलो तर म्हणाल्या, "ते माले ठावं शे." आणि मग, काडी हातातच धरून: "मंग बियानं आमना वावरमा येवाना आगोदर आमले कोनी का बरं नही दखाडं?"

श्रोतेहो, आजींचा प्रश्न पुन्हा सांगतो: बियाणं वावरात येण्याआधी आम्हाला कुणी का नाही दाखवलं?

बीटी वांग्याच्या वेळी २०१० साली सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, आपल्या राज्यातली नागपूरला. त्यानंतर त्या वांग्याला स्थगिती मिळाली. लोकांना विचारलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण भरताचं वांगं पिकवणारा जळगावचा शेतकरी नागपूरला कसा पोचणार?

आता यीस्टकडून हिवतापाच्या औषधाचा कच्चा माल करून घेता येतो. उद्या खतं येतील, बियाणं येईल. ते येण्याआधी लोकांना दाखवा, पुन्हा सांगतो, येण्याआधी. शिक्षकांना माझी विनंती आहे: २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला भाषणं कमी ठेवा, पालकांना प्रयोगाच्या टेबलाशी उभं करा. केळी आपल्याकडे भरपूर आहेत. स्पिरिट मात्र शिक्षकांनीच ओतावं, आणि जवळ दिवा किंवा शेगडी पेटलेली नसावी.