वाटेतच गाठलेला माल

श्रोतेहो, नमस्कार.

सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे प्रांत आहे. तिथं ताकेंगोनभोवतीच्या गायो डोंगरांत कॉफी पिकते. शेतकरी बहुतेक मुसलमान आणि छोट्या बागांचे मालक. लाल फळं तोडायची, साल काढायची आणि ओलसर बी खरेदीदाराला देऊन मोकळं व्हायचं. भावाची सूत्रं हलतात न्यूयॉर्कच्या बाजारात. शिवारखरेदी पाहिलेल्यांना यातली मेख सांगायला नको.

पैगंबर मुहंमदांच्या काळी मदिनेतही व्यापारी तांड्यांना वाटेतच गाठून माल उचलायचे. पैगंबरांनी ते निषिद्ध ठरवलं. तरीही कुणी विकलाच, तर बाजारात येऊन भाव कळल्यावर सौदा मोडायचा हक्क विकणाऱ्याला दिला! आजच्या कितीतरी व्यापार करारांत एवढी धमक नाही.

फेअरट्रेड म्हणजे बाजार पडला तरी शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव देणारी व्यवस्था. तिची खूण 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर प्रथम लागली. 2001 मध्ये कॉफी पाउंडाला 50 सेंटच्याही खाली कोसळली, तेव्हा किमान भावाची किंमत जगाला कळली. 2023 मध्ये अरेबिका जातीच्या धुतलेल्या कॉफीसाठी फेअरट्रेडचा हा किमान भाव पाउंडाला 1.80 डॉलर झाला, शिवाय गावकामासाठी 20 सेंट. गायोतल्या अनेक सहकारी संस्था या व्यवस्थेत आहेत.

पण शेतकरी अडतो तो उचलीपाशी. फेअरट्रेडमध्ये संस्थेनं मागितल्यास कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळण्याची सोय आहे, मात्र तिच्यावर व्याज लागू शकतं. इस्लाममध्ये व्याज हराम. आचेमध्ये तर 2018 च्या कायद्यानं सगळ्या वित्तसंस्थांना शरियतप्रमाणेच चालणं बंधनकारक केलं आहे.

यावर ‘सलम’ नावाचा जुना करार आहे. मदिनेत लोक खजुराचे पैसे दोन-तीन वर्षं आधी देत. पैगंबरांनी त्याला मुभा दिली, अट घातली ती माप, वजन आणि मुदत पक्की ठरवण्याची. पुढे फकिहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, नियम बांधले: पैसे पूर्ण आणि आधीच द्यायचे, अमुकच बागेचं पीक म्हणून सौदा करायचा नाही. ती बाग बुडाली तर शेतकऱ्यानं माल आणायचा कुठून?

सलममध्येही गरजवंताला भाव पाडून मागता येतो. म्हणून सलमला फेअरट्रेडच्या किमान भावाची जोड हवी, आणि फेअरट्रेडनं 60 टक्क्यांवर न थांबता बिनव्याजी, पूर्ण रक्कम हंगामाआधी द्यायला हवी. हा भार युरोप-अमेरिकेतल्या कॉफी कंपन्यांना पेलण्यासारखा आहे. आज तो गायोतला बागायतदार पेलतो आहे.