पन्हळ भिंतीसाठी असते

मंडळी, नमस्कार. मे महिना संपत आलाय, मुंबईहून आलेली पुष्कळ माणसं अजून गावात आहेत, म्हणून वाचनालयाकडे मुद्दाम आजचीच संध्याकाळ मागितली. आठ दिवसांनी हेच बोललो असतो तर अर्ध्या घरांना कुलूप असतं.

कोकणातली घरं दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. ‘घर गळतंय, येऊन बघा’ असा निरोप येतो. जाऊन बघावं तर पुष्कळदा कौल न् कौल जागेवर असतं आणि भिंत मात्र भिजून काळी पडलेली असते. अशा वेळी मी आधी घराच्या मागच्या बाजूला जातो आणि पन्हळ, म्हणजे छपराच्या कडेचं पाणी झेलून पाइपात सोडणारी उघडी नळी, बघतो. हे शहाणपण मला सुरुवातीला नव्हतं. ते कसं आलं ते सांगतो.

आमच्या काकांच्या घराची माजघराची पश्चिमेकडची भिंत दर पावसात ओली व्हायची. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी एका वर्षी त्या बाजूची कौलं बदलली. ओल तशीच. दुसऱ्या वर्षी भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला, त्याचे गणपतीपर्यंत पोपडे निघाले. तिसऱ्या वर्षी भर जुलैत, पाऊस कोसळत असताना, मी छत्री घेऊन मागच्या परड्यात जाऊन उभा राहिलो आणि वर बघत राहिलो. पन्हळीचं पाणी पाइपात जातच नव्हतं. ती काठोकाठ भरली होती आणि पाणी मागच्या काठावरून, भिंतीच्या बाजूने, वाशांच्या टोकांवरून सरळ भिंतीच्या माथ्यात उतरत होतं. पाऊस उघडल्यावर शिडी लावून हात घातला. आंब्याच्या पानांचा लगदा, कौलाचा एक तुकडा आणि पाइपच्या तोंडाशी रुजलेलं पिंपळाचं रोप. अर्ध्या तासाचं काम होतं. भिंत वाळायला पुढचा उन्हाळा यावा लागला, आणि तीन वाशांची टोकं कुजली होती ती बदलावी लागली. काकांनी विचारलं, “मग कौलं कशाला बदलली रे?” मला उत्तर देता आलं नाही. ती दोन वर्षं आणि काकांचे ते पैसे मी विसरलेलो नाही.

म्हणून मी सांगतो, की पन्हळ छपराला टांगलेली असली तरी ती असते भिंतीसाठी. आपली जुनी भिंत कशाची आहे? जांभ्या चिऱ्याची, आणि बहुतेक ठिकाणी मातीत बांधलेली. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो. नुसत्या पावसाच्या झडीने त्याला फार काही होत नाही, उन्हात तो पुन्हा वाळतो. पण माथ्यातून चार महिने पाणी मुरत राहिलं की सांध्यातली माती विरघळून खाली सरकते आणि चिरे सुटे होतात. ओल्या लाकडाला वाळवी लागते ते वेगळंच. बाहेरून वर्षानुवर्षं काही दिसत नाही. दिसतं तेव्हा भिंतीला पोट आलेलं असतं.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आमच्या आजोबांच्या घराला पन्हळ नव्हतीच, तरी ते शंभर वर्षं उभं आहे. खरं आहे. त्या घराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर आलेली होती, पागोळ्या जोत्यापासून लांब पडायच्या, आणि त्या पडायच्या तिथे दगड बसवलेले असायचे. आता वळचणी आखूड झाल्या. 2020च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीत कितीतरी घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. कौल थोडं पाणी पितं, थोडं अडवतं. पत्रा काहीच अडवत नाही. सर आली की सगळं पाणी एका झटक्यात खाली येतं. म्हणजे पन्हळीवरचा भार वाढला आणि तिच्याकडे बघणारी माणसं कमी झाली.

हा भार किती, तो हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर साधारण 93 चौरस मीटर होतं. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणजे त्या एका छपरावरून पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी उतरतं. ते एकतर पाइपातून लांब जाईल, नाहीतर तुमच्या जोत्यात. (याच गावात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात हे लक्षात घ्या. ज्यांना हे पाणी टाकीत साठवायचंय त्यांच्यासाठी तर स्वच्छ पन्हळ ही पहिली अट आहे.) आणखी एक. तीस फूट लांबीची, सहा इंची अर्धगोल पन्हळ तोंडापर्यंत भरली की तिच्यात ऐंशी किलोच्या वर पाणी असतं. वर भिजलेला पाचोळा. पन्हळ धरून ठेवणारे क्लॅम्प त्यासाठी बनवलेले नसतात. ते वाकले की उतार बिघडतो, उतार बिघडला की पाणी साचतं, आणि साचलेल्या त्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो.

आता साफ करायची कधी? आपण आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, मीठ-मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा भरतो. त्याच दिवसांत पन्हळ एकदा साफ करा, मृगाच्या आधी. एवढं बरेच जण करतात. पण खरी चुकते ती दुसरी वेळ. पहिल्या मोठ्या पावसाने वर्षभराची छपरावरची धूळ, शेवाळ, कौलांचे तुकडे आणि वळचणीत अडकलेली पानं सगळी धुऊन खाली येतात आणि पाइपचं तोंड बंद होतं. मे महिन्यात लख्ख केलेली पन्हळ जूनच्या अखेरीस तुंबलेली मी दर वर्षी बघतो. म्हणून पाऊस लागून दहा-बारा दिवस झाले की पहिल्या उघडिपीला पुन्हा वर बघायचंच. तिसऱ्यांदा नारळी पौर्णिमेच्या आसपास, कारण तोवर पक्ष्यांनी टाकलेलं वड-पिंपळाचं बी रुजलेलं असतं. बोटाएवढं असताना ते हाताने मुळासकट निघतं. पुढच्या वर्षी छिन्नी लागते, आणि नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. दिवाळीनंतर एकदा कोरडी करून ठेवा, पत्र्याची पन्हळ ओल्या पाचोळ्याखाली आतून गंजते.

काम करताना आधी पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घाला. पाण्याचा जोर लावून कचरा पाइपात ढकलू नका, तो मधल्या वळणावर अडकतो आणि मग पाइपच उतरवावा लागतो. हाताने किंवा खुरप्याने काढून बादलीत भरा. मग बोळा काढून लांबच्या टोकाला दोन कळश्या पाणी ओता आणि खाली उभं राहून बघा. कुठे थांबतं, कुठे सांध्यातून टपकतं, ते तेव्हाच कळतं. दहा फुटाला पाव ते अर्धा इंच उतार हवा. तोंडावर जाळी बसवायची तर घुमटासारखी उंच घ्या. सपाट जाळीवर चार पानं चिकटली की ती झाकणासारखी बसते. आणि पाइपचं खालचं तोंड जोत्यापाशी सोडू नका, चार हात लांब न्या.

शिडीबद्दल मी हात जोडून सांगतो. एकट्याने चढू नका. खाली शिडी धरायला माणूस हवाच. शेवाळलेल्या पत्र्यावर, पावसात, विजेच्या तारेजवळ अजिबात नको. गावात आता बऱ्याच घरी सत्तरीतली दोघंच राहतात. त्यांनी वर जायचं नाही. गड्याची दोन दिवसांची मजुरी ही घराच्या खर्चात धरायची गोष्ट आहे.

आणि मुंबईकरांनो, कुलूप लावून जाताना किल्ली शेजारी देता, तसंच जूनच्या अखेरीच्या साफसफाईचे पैसेही देऊन जा. गणपतीला दार उघडाल तेव्हा पावसाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. जे व्हायचं ते झालेलं असतं.

या वाचनालयाच्या मागच्या पन्हळीत आत्ता गवत उगवलंय, ते मी मघाशीच बघून आलो. उद्या सकाळी आठ वाजता आपण तीच साफ करणार आहोत. शिडी मी आणतो. तुम्ही येताना जुने कपडे घाला, खुरपं आणि एक बादली घेऊन या.