ओकायामा : पाटाच्या कडेने

(पडद्यावर : ओकायामा स्टेशनसमोरून निघणारी ट्राम, लख्ख ऊन)

जपानमधल्या शिन-ओसाका स्टेशनवरून शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली की पाऊण तासात ओकायामा येतं. सात लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. उत्तरेला चुगोकूचे डोंगर, दक्षिणेला समुद्रापलीकडे शिकोकू बेटाचे. ढग दोन्हीकडे अडतात आणि मधल्या पट्ट्यात वर्षाचे बरेचसे दिवस कोरडे जातात. हा प्रांत स्वतःची ओळखच ‘उन्हाचा प्रदेश’ अशी करून देतो. पण इथे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांना आमचं सांगणं आहे : ऊन आपोआप भेटेल, आधी इथलं पाणी ओळखून घ्या.

(पडद्यावर : अरुंद गल्ली, कडेने वाहणारा पाट, सायकलवरची शाळकरी मुलं)

शहराच्या दक्षिणेकडची बरीच जमीन एके काळी समुद्र होती. लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून ती मिळवली. मिळवलेल्या जमिनीत भात पिकवायचा तर नदीचं गोडं पाणी प्रत्येक वावरापर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी पाट खणले गेले. पुढे शेतांच्या जागी घरं, दुकानं, पार्किंग आलं. पाट मात्र वाहतेच राहिले. त्यांची लांबी मोजायला गेलं तर हजारो किलोमीटर भरते.

ही गल्ली नीट बघा. एक गाडी जेमतेम जाईल एवढी रुंदी. डांबर संपतं तिथेच पाटाची कड. मध्ये ना कठडा, ना पदपथ. जूनमध्ये भातलावणी सुरू झाली की पाट भरतात आणि पाणी रस्त्याला जवळजवळ टेकतं. रात्री दिवे लांब असतील तर पाणी कुठे सुरू होतं ते दिसतच नाही. हिवाळ्यात उलटं : पाट आटलेला आणि खाली उघडं काँक्रीट. दोन्ही ऋतूंत इथे माणसं पडतात, जीवही गेले आहेत. बऱ्याच ठिकाणी आता लोखंडी कठडे आणि अंधारात चमकणारे खांब लावले आहेत, पण सगळीकडे नाही. म्हणून नव्या घरी आल्यावर कॉलेजचा किंवा ऑफिसचा रस्ता आधी दिवसाउजेडी चालून बघावा, कुठली कड उघडी आहे ते डोक्यात पक्कं करावं. आणि सूर्य मावळला की सायकलचा दिवा लावलाच पाहिजे.

सायकल लागेलच. शहर सपाट आहे आणि सायकलीवर चालतं. विकत घ्याल तेव्हा दुकानातच तिची पोलीस नोंदणी करून घ्या. तोपर्यंत ‘मोमोचारी’ आहे : शहराने 2013 पासून चालवलेल्या भाड्याच्या सायकली. एका हातात छत्री किंवा मोबाइल धरून सायकल चालवणं हा गुन्हा आहे, आपल्याकडच्या सवयीने करू नका. ट्राम 1912 पासून चालू, मार्ग दोनच. भाडं उतरताना, पुढच्या दाराशी, चालकाजवळच्या पेटीत टाकायचं. पेटी मोड परत देत नाही. सुटे करायचं यंत्र तिथेच असतं, ते थांब्याच्या आधी वापरावं.

(पडद्यावर : आसाही नदी, एका काठावर काळा किल्ला, दुसऱ्यावर कोराकुएन बाग)

ही आसाही नदी. उकिता हिदेइए या सरदाराने 1597 मध्ये किल्ला पुरा केला आणि नदीला वळवून खंदकासारखी किल्ल्याभोवती घेतली. शत्रू अडला, पण पूर शहरात येऊ लागला. 1654 मध्ये मोठाच पूर आला. तेव्हा पुराचं पाणी बाजूने समुद्राकडे काढून देणारा रुंद कालवा खणायचं ठरलं : ह्याक्केनगावा. तो पुरा करणाऱ्या माणसाचं नाव त्सुदा नागातादा. समुद्र हटवून नवी शेतजमीन उभी करण्यातही हाच माणूस पुढे होता. आणि इकेदा त्सुनामासा या राजाच्या हुकमावरून 1687 ते 1700 या काळात कोराकुएन ही बाग घडवली, तीही त्यानेच.

पुणेकरांना ही बाग ओळखीची वाटेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे–ओकायामा मैत्री उद्यान, हिच्याच धर्तीवर उभं राहिलं. मूळ बागेत मात्र एक गोष्ट मुद्दाम शोधावी. र्‍यूतेन नावाचं छोटं लाकडी दालन आहे. त्याला भिंती नाहीत आणि त्याच्या मधोमध ओहोळ वाहतो. पाण्यात रंगीत दगड मांडलेले आहेत. बूट काढून लाकडी फळ्यांवर बसलं की पाणी हाताच्या अंतरावर येतं. 1934 च्या पुरात ही बाग बुडाली, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात होरपळली. एदो काळातली, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली, चित्रं शिल्लक होती, ती बघून बाग पुन्हा जशीच्या तशी उभी केली. त्याच हल्ल्यात किल्लाही जळाला. समोर दिसतो तो 1966 मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. बागेत भाताचं खाचरही आहे. ते आम्हाला सगळ्यात आवडतं, कारण बागेबाहेरचे पाट कशासाठी आहेत ते इथे डोळ्यांसमोर येतं.

पूर हा फक्त इतिहासातला विषय नाही. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत शेजारच्या कुराशिकीतला माबी भाग पाण्याखाली गेला, पन्नासहून जास्त माणसं दगावली. राहायला आल्यावर 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवावाच लागतो. त्याच फेरीत तुमच्या भागाचा आपत्ती-नकाशा मागून घ्या आणि घराची जागा त्यावर बघा.

(पडद्यावर : संध्याकाळचं सुपरमार्केट, मासळीचा कप्पा)

खाण्याचं म्हणाल तर इथला लाडका मासा सावारा, आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ. ओकायामाचे लोक तो कच्चाही आवडीने खातात. सणाला घरोघरी बाराझुशी होते : आंबूस भातावर सावारा, कोळंबी, कमळकाकडी, अंड्याच्या बारीक पट्ट्या. राजाने काटकसरीचा हुकूम काढला तेव्हा लोकांनी मासळी-भाजी भातात लपवून हा पदार्थ केला, असं सांगतात. शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या भाजीलाही माशाचा अर्क लागलेला असतो, हे लक्षात ठेवून वेष्टनावरची यादी वाचा. उन्हाळ्यात पांढरे पीच येतात. झाडावर असतानाच एकेका फळाला हाताने कागदी पिशवी बांधलेली असते, म्हणून रंग इतका फिका. महाग आहेत, पण हंगामात एकदा तरी घ्या.

(पडद्यावर : कोपऱ्यावरची कचऱ्याची जागा, कावळ्यांसाठी टाकलेली जाळी)

जाळायचा कचरा विकतच्या ठरावीक पिशवीतच, ठरलेल्या दिवशी, सकाळीच, जाळीखाली. ही जागा गल्लीतले लोकच झाडतात. पाटांचंही तेच. अनेक वस्त्यांत ठरलेल्या रविवारी सकाळी गमबूट घालून सगळे पाटात उतरतात. गाळ, शेवाळ, प्लास्टिक वर काढतात. नव्या माणसाला शेजाऱ्यांची ओळख करून घ्यायला याहून चांगली सकाळ मिळायची नाही. तारीख गल्लीत फिरणाऱ्या सूचनांच्या फायलीत लिहिलेली असते. वाचता आली नाही तर फाइल घेऊन शेजारी जा आणि विचारा. गमबूट तेवढे आपले न्या.